अमेरिकेत ले-ऑफ झाला, आता साठ दिवसांत काय काय करायचं: नागपूरकरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

एच-वन-बीवर (कंपनीमार्फत मिळणारा अमेरिकेतला कामाचा व्हिसा) असताना ले-ऑफ झाला, म्हणजे कंपनीने कामावरून काढलं, की पगार तर जातोच, पण त्या देशात राहायचा आधारही जातो, आणि इकडे घरच्यांना पहिली गोष्ट समजते, दुसरी समजत नाही. नागपुरात कोणाची नोकरी गेली तर तो चार-सहा महिने घरी राहून आरामात दुसरी शोधू शकतो. तिकडे घड्याळ सुरू झालेलं असतं: जास्तीत जास्त साठ दिवस, ज्याला ग्रेस पिरियड म्हणतात, तेवढ्यात मार्ग काढायचा. मी स्वतः यातून गेलेय, आता त्रिमूर्ती नगरला परत येऊन स्थिरावलो आम्ही, आणि अजूनही कोणाचा तरी भाचा, कोणाच्या तरी वर्गमैत्रिणीचा भाऊ फोन करतो की ताई, आज कॉल आला, आता काय करू. म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. त्या साठ दिवसांचं काम फक्त नोकरी शोधणं एवढंच नाहीये. नवीन नोकरी, स्टेटस (तिथे राहायचा कायदेशीर दर्जा) बदलणं आणि परत येणं, हे तीनही रस्ते पहिल्या आठवड्यापासून सोबत चालवायचे. एकाच रस्त्यावर पन्नास दिवस घालवले की उरलेल्या दहा दिवसांत दुसरं काहीच धड होत नाही.

मी वकील नाही. नियम बदलत असतात, म्हणून शेवटचा निर्णय इमिग्रेशन वकिलाला विचारूनच घ्या.

पायरी ०: नोकरी आहे तोपर्यंतच हे करून ठेवा

टीममधले लोक कमी होऊन राहिले, मॅनेजर नजर चुकवून राहिला, असं वाटत असेल तर रात्र रात्र जागण्यापेक्षा एक शनिवार घ्या आणि कागद गोळा करा. कारण कॉल संपतासंपता लॅपटॉप लॉक होतो, मग स्वतःच्या पे-स्टबसाठीही (पगाराच्या पावत्या) एचआरच्या मागे लागावं लागतं. हे सगळं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि एका फोल्डरमध्ये हवं:

- आत्तापर्यंतच्या सगळ्या आय-७९७ अप्रूव्हल नोटिसा (इमिग्रेशन खात्याची मंजुरीची पत्रं), नवरा-बायको-मुलांच्याही
- आय-९४ (अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येतं त्याची नोंद), सगळ्यांचे
- सगळे पे-स्टब (निदान मागच्या सहा महिन्यांचे तरी) आणि सगळे डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद)
- ऑफर लेटर, प्रमोशनची पत्रं
- ग्रीन कार्डचं सुरू असेल तर आय-१४० चा (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख), जमलं तर अप्रूव्हलची कॉपी
- डिग्री, मार्कशीट, आधीच्या कंपन्यांची अनुभवपत्रं
- पासपोर्टच्या सगळ्या पानांचं स्कॅन

आय-१४० कंपनीच्या नावावर असतो, त्यामुळे काही कंपन्या कॉपी देतच नाहीत. निदान रिसीट नंबर तरी घेऊन ठेवा, पुढे तोच कामाला येतो. आणि हो, फक्त स्वतःचे कागद. कंपनीचा कोड, क्लायंटची फाईल असलं काही चुकूनही स्वतःकडे पाठवू नका, सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ते पैसे) तर जाईलच वर केस होईल ती वेगळी.

पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर एअरपोर्टवर आय-९४ त्याच तारखेपर्यंतचा मिळू शकतो, आणि लोक व्हिसाची तारीख बघून निर्धास्त बसतात.

पायरी १: पहिल्याच दिवशी तारखा काढा

रडायचं असेल तर रडून घ्या, पण झोपायच्या आधी एका कागदावर तारखा लिहा. आम्ही फ्रिजवर लावला होता तो कागद, लाल पेननी तीन तारखा, आणि येताजाता दोघांचीही नजर तिथेच जायची. त्याचा फायदा असा झाला की "किती दिवस राहिले" यावरून घरात एकदाही वाद झाला नाही.

ग्रेस पिरियड जास्तीत जास्त ६० दिवसांचा असतो, हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. मोजायला सुरुवात होते ती नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी संपली कधी हे साधारणपणे तुम्हाला पगार मिळालेल्या शेवटच्या दिवसावरून ठरतं. म्हणजे शेवटचा दिवस १० मार्च असेल तर ११ मार्च हा पहिला दिवस आणि ९ मे हा साठावा. शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळं धरून.

इथे तीन खड्डे आहेत.

एक, सेव्हरन्सचे पैसे तीन महिन्यांचे मिळाले म्हणून ग्रेस पिरियड तीन महिन्यांनी सुरू होत नाही. सेव्हरन्स म्हणजे पगार नाही. नोटीस पिरियडमध्ये काम न करता पेरोलवर ठेवलं असेल तर ते प्रकरण वेगळं, त्यात नेमकी कुठली तारीख धरायची हे वकिलाकडून लेखी घ्या.

दोन, आय-९४ त्याआधी संपत असेल तर ग्रेस पिरियडही तिथेच संपतो. साठ दिवस आणि आय-९४, यातलं जे आधी येईल ते. एक्स्टेन्शन झालं असेल तर नवीन आय-९४ त्या आय-७९७ च्या खालच्या भागात असतो, जो सगळ्यात शेवटी मिळालाय तोच बघायचा.

तीन, साठ दिवसांच्या मध्येच देशाबाहेर गेलात तर ग्रेस पिरियड संपला. चार दिवस नागपूरला जाऊन आई-बाबांना भेटून येतो असला विचार वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

या काळात काम करता येत नाही. भारतातल्या मित्राच्या कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर, पैसे भारतातल्या खात्यात, असं करणारे पाहिलेत मी. तुम्ही बसलेले अमेरिकेत असता, हे विसरू नका.

पायरी २: सही करायच्या आधी कागद वाचा

एचआर गोड बोलून म्हणते की आजच सही करा. घाई करायची गरज नसते. वय ४० किंवा जास्त असेल तर कायद्यानेच विचार करायला २१ दिवस मिळतात, एकापेक्षा जास्त लोकांना सोबत काढलं असेल तर ४५ दिवस, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत मागे घेता येते. वय कमी असलं तरी दोन-चार दिवस मागा, बहुतेक वेळा मिळतात.

"तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्डला चांगलं दिसेल" असं कोणी म्हटलं तर थांबा. कंपनीने मुदतीआधी काढलं तर एच-वन-बीवाल्याच्या मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो, स्वतः राजीनामा दिला की तो हक्क जातो. हा खर्च फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. पण मागायला काय जातं, कुटुंबाचंही मागून बघा.

आणखी दोन गोष्टी मागा. शेवटची तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलता येते का, पैसे कमी मिळाले तरी चालेल, कारण पेरोलवरचा एकेक आठवडा सेव्हरन्सपेक्षा मोलाचा आहे. आणि आय-१४० मागे घेऊ नका अशी विनंती. अप्रूव्ह होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने मागे घेतला तरी तो रद्द होत नाही. १८० व्हायला थोडे दिवस कमी असतील तर ही विनंती नक्की करा, लेखी करा.

पायरी ३: स्वतःचा वकील

ज्या वकिलाने तुमचा एच-वन-बी केला तो कंपनीचा वकील. भला माणूस असेल, पण तुम्हाला काढल्यावर तो कंपनीच्याच बाजूने बसलाय. तासभराची फी देऊन स्वतःचा वकील पहिल्याच आठवड्यात गाठा. जायच्या आधी प्रश्न लिहून न्या आणि सल्ला ईमेलवर मागा. व्हॉट्सॲप ग्रुपवर "माझ्या मित्राने असं केलं आणि काही झालं नाही" हे दिवसातून दहा वेळा वाचायला मिळेल, त्या मित्राचा आय-१४० होता की नव्हता हे कोणालाच माहीत नसतं.

पायरी ४: तीन रस्ते, सोबत

पहिला रस्ता, नवीन कंपनी. साठ दिवस संपायच्या आत नवीन कंपनीचं पिटिशन (तुमच्या एच-वन-बीसाठी कंपनीचा अर्ज) यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, पोचलं पाहिजे. पोचलं पाहिजे, अप्रूव्ह व्हायची गरज नाही, आणि ते पोचल्यावर तुम्ही काम सुरू करू शकता, अनेक कंपन्या मात्र रिसीट हातात येईपर्यंत थांबतात. एच-वन-बीची लॉटरी (दरवर्षीची सोडत) पुन्हा लागत नाही, एकदा कोट्यात मोजले गेलात आणि सहा वर्षांतला वेळ शिल्लक आहे तर. पण पिटिशनच्या आधी लेबर डिपार्टमेंटकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलची मंजुरी) लागते, तिलाच सात कामाचे दिवस जातात, मग कागदपत्रं, सह्या, कुरियर. म्हणून ऑफर चाळीसाव्या दिवसाच्या आसपास हातात हवी असं धरून चाला. रिक्रूटरला पहिल्याच फोनवर तारीख सांगा. लाज वाटते, वाटतं की हे ऐकून नाही म्हणेल, पण सहा राऊंड झाल्यावर "आम्ही ट्रान्सफर करत नाही" हे ऐकण्यापेक्षा बरं. ओळखीतून रेफरल घ्या. व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, तुमच्या बॅचचा जो ग्रुप असेल तिथे सरळ लिहा की ले-ऑफ झालाय, अमुक तारखेपर्यंत पाहिजे. आपले लोक मदत करतात, फक्त त्यांना माहीत व्हायला पाहिजे.

दुसरा रस्ता, स्टेटस बदलणं. नवरा किंवा बायको स्वतःच्या एच-वन-बीवर असेल तर फॉर्म आय-५३९ भरून एच-४ वर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) जाणं सगळ्यात सरळ. तसं नसेल तर बी-२ साठी (पर्यटक व्हिसा) अर्ज करतात, तोही साठ दिवसांच्या आतच. त्याने थोडा वेळ मिळतो, घर आवरता येतं, इंटरव्ह्यू देता येतात. पण त्यात अडचण अशी आहे की साठ दिवस उलटल्यावर नवीन कंपनी मिळाली तर ते पिटिशन अप्रूव्ह होईपर्यंत काम सुरू करता येत नाही, तेव्हा कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंग करायला सांगा, म्हणजे १५ कामाच्या दिवसांत उत्तर येतं. अर्ज पेंडिंग असताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जाऊन पुन्हा शिकायचा रस्ताही आहे, पण पहिल्याच दिवसापासून काम करायला देणारी जी कॉलेजं जाहिरात करतात त्यांच्यापासून जपून, पुढे व्हिसाच्या वेळी हाच विषय निघतो.

ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, भरून १८० दिवस झाले असतील तर तुमची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, त्याच प्रकारच्या कामाची दुसरी नोकरी धरता येते. आय-१४० अप्रूव्ह आहे पण ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर आलेला नाही, अशांना खास अडचणीच्या परिस्थितीत वर्षभराचं वर्क परमिट मागता येतं, पण ते वापरलं की तुम्ही एच-वन-बी स्टेटसमध्ये राहत नाही. दोन्हीबद्दल वकिलाशी बोला.

तुमच्या एच-४ वरच्या जोडीदाराचं आणि मुलांचं स्टेटस तुमच्यावरच टांगलेलं आहे, एच-४ वर्क परमिटसुद्धा. त्यांचे फॉर्म विसरू नका.

तिसरा रस्ता, परत येणं. त्याचं खाली वेगळं लिहिलंय. इथे एवढंच की जायचं ठरवण्याआधी पासपोर्टवरचा एच-वन-बी स्टॅम्प कधीपर्यंत आहे ते बघा. २१ सप्टेंबर २०२५ पासून, देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवीन पिटिशन करायचं तर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतील असा आदेश निघाला. तो बारा महिन्यांसाठी काढलेला होता, तुम्ही वाचताय तेव्हा काय स्थिती आहे ते तपासा. "आत्ता जाऊ, मग कोणीतरी बोलावून घेईल" हा हिशोब त्यामुळे बदललाय.

काहीच न करता बसून राहणं हा रस्ता नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून मग गेलात तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षाच्या वर झालं तर दहा वर्षं.

पायरी ५: फसवणारे ओळखा

माणूस घाबरलेला असला की ह्यांचे फोन येतात, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे बरेचदा आपल्याच भाषेत येतात. "तुमचा एच-वन-बी आमच्याकडे ट्रान्सफर करा, प्रोजेक्ट नंतर बघू, तोपर्यंत पगार तुम्हीच आमच्या खात्यात टाका, आम्ही पे-स्टब काढून देतो." हे सरळ सरळ फ्रॉड आहे. खोट्या कागदांवर इमिग्रेशनचा फायदा घेतल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एच-वन-बीच्या पिटिशनचा खर्च कंपनीचा असतो, तुमच्याकडून "फाईलिंगचे" पैसे मागणारा माणूस तिथेच सोडा. खोटा अनुभव टाकून रिझ्युमे "तयार करून देणारे", दुसऱ्याला इंटरव्ह्यूला बसवणारे, हे सगळे त्याच रांगेत.

पायरी ६: पैसा आणि इन्शुरन्स

हेल्थ इन्शुरन्स नेमका कधी संपतो ते विचारा, शेवटच्या दिवशी की महिनाअखेरीला. कोब्रा (कंपनीचाच इन्शुरन्स स्वतः पैसे भरून चालू ठेवणं) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे सगळे धडधाकट असतील तर थोडं थांबून बघता येतं, मध्ये काही झालंच तर मागचे हप्ते भरून घेता येतो. महाग असतो, आकडा बघून धक्का बसतो. मार्केटप्लेसचा (सरकारने चालवलेला इन्शुरन्सचा बाजार) प्लॅनही तपासा, तिथेही नोकरी गेल्यावर ६० दिवसांची खिडकी असते. नोकरीचा इन्शुरन्स असेपर्यंत दातांचं, डोळ्यांचं, मुलांच्या लसींचं उरकून घ्या.

४०१-के ला (कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं) हात लावू नका. साडेएकोणसाठ वयाआधी काढलं तर टॅक्स आणि वर १० टक्के दंड. आहे तिथे राहू द्या किंवा आयआरएमध्ये (स्वतःचं निवृत्तीचं खातं) रोलओव्हर करा, भारतात आल्यावरही ते तुमचंच राहतं.

आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचा खरा ताण तिकडच्या भाड्याचा नसतोच, बेसा नाहीतर वर्धा रोडवर घेतलेल्या फ्लॅटच्या ईएमआयचा असतो. सहा महिन्यांचे हप्ते एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) बाजूला काढून ठेवा. तेवढं जमत नसेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर नाही.

पायरी ७: घरी सांगा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. खूप जण घरी सांगतच नाहीत. रोज सकाळी इकडे बाबा पोह्याची प्लेट घेऊन व्हिडिओ कॉल लावतात, "काय करून राहिला बेटा" विचारतात, आणि तिकडून हा म्हणतो, आत्ताच ऑफिसमधून आलो. हे नाटक साठ दिवस चालवायला जी ताकद लागते ती इंटरव्ह्यूला लागणारी ताकद आहे. पहिल्याच आठवड्यात सांगा, आणि सांगताना तारीख आणि पुढचा बेत दोन्ही सांगा, म्हणजे त्यांची काळजी मोकाट सुटत नाही.

घरच्यांसाठी: रोज "झालं का काही?" विचारू नका. त्यापेक्षा काम मागा. मुलांच्या शाळेची चौकशी, भाडेकरूला नोटीस द्यायची का, बँकेत कोणते फॉर्म लागतात, ही कामं नागपुरात बसूनच होतात. आणि नातेवाईकांना काय सांगायचं हे मुलगा-सून, मुलगी-जावई ठरवतील, त्याआधी लक्ष्मीनगरच्या मावशीला कळायची गरज नाही.

पायरी ८: परत यायचं ठरलं तर

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) नसेल तर पहिला अर्ज त्याचा. वेळ लागतो. जन्मदाखल्यावर त्या राज्याकडून अपोस्टील (दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) करून घ्या, शाळेची ट्रान्स्क्रिप्ट आणि लसीकरणाचं रेकॉर्ड घ्या, इकडून मागवायला फार त्रास होतो. सीबीएसई शाळांचं सत्र एप्रिलला सुरू होतं, राज्य बोर्डाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये येत असाल तर दोन्हीकडे विचारा.

अमेरिकेतला फोन नंबर बंद करू नका. बँक, ४०१-के, टॅक्स, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. वायफाय कॉलिंग असलेल्या स्वस्तातल्या प्लॅनवर नंबर टाका आणि निघायच्या आधी घरीच तपासून बघा. इंटरनेटवरच्या नंबरवर सगळ्या बँका ओटीपी पाठवत नाहीत. सगळीकडे पत्ता बदला, नाहीतर जानेवारीतला डब्ल्यू-२ जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहतो. त्या वर्षाचं रिटर्न अमेरिकेत भरायचंच आहे.

इकडे आल्यावर एनआरई-एनआरओ खाती रेसिडेंट करून घ्या, डॉलर तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं (परकीय चलनाचं खातं) उघडता येतं. बरीच वर्षं बाहेर होतात तर सुरुवातीला टॅक्ससाठी आरएनओआर (परत आलेल्यांसाठीचा मधला दर्जा) धरले जाता, बाहेरच्या उत्पन्नाला त्याचा मोठा फायदा आहे. दोन्ही देशांचं समजणारा सीए शोधा.

नोकरीसाठी: भारतातल्या कंपन्या रिलीव्हिंग लेटरवर अडून बसतात आणि अमेरिकेत असा प्रकारच नसतो. म्हणून निघायच्या आधीच एचआरकडून पद, पहिली तारीख, शेवटची तारीख आणि ले-ऑफमुळे नोकरी संपली असं लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र घ्या. जाण्याआधीचा जुना यूएएन नंबर (पीएफचा) शोधून ठेवा, नवीन कंपनी तोच मागेल. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, पर्सिस्टंटही नागपुरात आहे, आणि पुणे-हैदराबादचं काम घरून करणारेही इथे बरेच आहेत. पगाराची बोलणी करताना डॉलरला गुणून आकडा सांगू नका, त्या पदाचा इकडचा आकडा आधी काढा. आणि इकडे तीन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, तुम्हाला तो नाही, तेव्हा रिझ्युमेच्या पहिल्याच ओळीत लिहा की लगेच जॉईन होऊ शकतो.